खुर्चीकाकूंच्या कोऱ्या चौकटी

खुर्चीकाकूंच्या लक्षात माणसाचं तोंड राहत नाही, बूड राहतं. हे त्या स्वतःच सांगतात आणि सांगताना आवाजसुद्धा खाली आणत नाहीत. एखादी बाई दारात उभी राहून लाडात विचारते, "ओळखलंत का मला?" काकू तिच्याकडं बघतच नाहीत. तिनं आणलेल्या खुर्चीच्या बैठकीवरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "न ओळखायला काय झालं? उजवा पाय खाली दुमडून बसता. मागं सांगितलं होतं, बसू नका. पुन्हा उजवीकडंच फाटलीय."

बाईचं लाडात येणं तिथंच संपतं.

वेताच्या खुर्च्या विणायच्या हा काकूंचा धंदा. मूळचा नवऱ्याचा. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना कळलं, की हा माणूस वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालतो आणि विसरतो. म्हणून त्या पट्ट्यांकडं बघायला लागल्या. मग तो भोकांत खुंट्या ठोकायला विसरायला लागला, म्हणून त्या खुंट्याही ठोकायला लागल्या. असं करत करत दोन वर्षांत तो अख्खी खुर्चीच विसरला, आणि दारात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचं काम मात्र त्यानं जन्मभर मन लावून केलं. सात वर्षांमागं तो गेला तेव्हा दुकानात जमलेली मंडळी हळहळली, "आता खुर्च्या कोण विणणार?" आतून काकूंचा आवाज आला, "आजवर जो विणत होता तोच!"

दुकान म्हणजे एक लांबट गाळा. पुढचा अर्धा धाकट्या दिराचा, मागचा अर्धा काकूंचा. दिराला त्या भावजी म्हणतात, तो त्यांना वहिनी म्हणतो, आणि दोघं एकमेकांना अहो-जाहो करत दिवसभर भांडतात. भावजी विकतात प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लाल, निळ्या, पांढऱ्या, एकीत एक बसवून छतापर्यंत चढवलेल्या. वेताची खुर्ची दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या माणसाला आधी या डोंगरांमधून वाट काढावी लागते. तेवढ्यात भावजी त्याला हळूच म्हणतात, "फाटत नाही, भिजत नाही, विणावी लागत नाही. बघा बुवा."

मागच्या भागाला अंगणाकडं उघडणारी एक खिडकी आहे. खिडकीखाली पाण्याची बादली, तिच्यात वेताच्या पट्ट्या गुंडाळून पडलेल्या. भिंतीवर हत्यारं. प्रत्येक हत्याराभोवती खडूनं त्याचा आकार काढलेला. टोच्याच्या आकारात टोच्या, हातोडीच्या आकारात हातोडी. एखादी जागा रिकामी दिसली की काकूंचा घास घशाखाली उतरत नाही. काकूंचे नियम दोनच. पहिला, जागची वस्तू जागेवर राहिली पाहिजे. दुसरा, खुर्ची पोचवायला कुणाच्या घरी जायचं नाही. "माझा पत्ता पक्का आहे. ज्याला गरज, तो येतो," असं त्यांचं म्हणणं. पुढं जो घोळ झाला तो या दोन नियमांनीच केला, पण ते यथावकाश.

दुपारी दोन ते चार भावजी घरी जाऊन झोपतात. त्या वेळात मागच्या खोलीत टेलिफोनकाका येतात. टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं तारा जोडायचं काम केलेला माणूस. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, पण काठी टेकत थेट काकूंच्या स्टुलावर येऊन बसतो आणि विचारतो, "आज काय आलंय?" मग काकू हातातली पट्टी ओढता ओढता आलेली खुर्ची सांगतात. लाकूड कसलं, कुठं चिरलंय, आधी कुणी विणलीय आणि किती आळशीपणानं. मध्येच थांबल्या तर टेलिफोनकाका म्हणतात, "नीट सांगा की. मी बघतोय." अशी त्यांची रोजची करमणूक. पुस्तकं ते मोबाईलवर ऐकतात. बाईच्या बारीक आवाजात मोबाईल सुसाट वाचत जातो, दुसऱ्याला एक अक्षर कळत नाही, हे मात्र मधूनच खुदकन हसतात. वाचनालयाच्या समितीवर वाचकांचे प्रतिनिधी म्हणून ते आहेत.

आणि वाचनालयानंच सगळं पेटवलं.

वाचनालयात वेताच्या चौसष्ट खुर्च्या. त्यातल्या पन्नासेक अशा फाटलेल्या, की वाचक खाली वर्तमानपत्राचा गठ्ठा घालून बसायचे. समितीनं नोटीस लावली: खुर्च्या दुरुस्त करायच्या की नव्या घ्यायच्या ते ठरवायचंय, इच्छुकांनी आपल्या कामाचे फोटो असलेल्या वेबसाइटचा पत्ता द्यावा, समिती येत्या शनिवारी अकरा वाजता सगळं पडद्यावर बघेल आणि तिथंच निकाल देईल.

भावजींनी नोटीस वाचली आणि त्यांच्या मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट ओठांवर आली. माल ठेवायला त्यांना मागची खोली हवी होती.

"वहिनी, एकदाच काय ते ठरवून टाकू," ते म्हणाले. "वाचनालयानं तुमचा वेत घेतला तर मी त्या खोलीचं परत नावसुद्धा काढणार नाही. माझं प्लॅस्टिक घेतलं तर तुम्ही खोली मोकळी करा. वय झालं आता. घरी आराम करा."

"आराम कशावर बसून करू? तुमच्या खुर्चीवर?"

"वाईट काय आहे तिच्यात?"

"उन्हाळ्यात उठताना ती पण सोबत उठते."

भावजी हसले नाहीत. "ठरलं का?"

काकूंनी भिंतीवरच्या हत्यारांकडं एकदा बघितलं. ही भिंत सुटली तर ही हत्यारं कुठल्या भिंतीवर टांगायची? घरातली भिंत म्हणजे कपाट, आरसा आणि कॅलेंडर. "ठरलं," त्या म्हणाल्या. "पण वेबसाइट म्हणजे नेमकं काय करायचं असतं, तेवढं सांगा."

"ते तुमचं तुम्ही बघा," भावजी म्हणाले. त्यांची स्वतःची कंपनीनं करून दिलेली होती.

मदतीला आली भावजींचीच सून. ती डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांचे चष्म्याचे नंबर कॉम्प्युटरमध्ये भरते. रविवारी सकाळी ती दुकानात आली, सासऱ्याच्या कॉम्प्युटरवर काकूंसाठी एक पान तयार केलं, वर मोठ्या अक्षरात 'वेताच्या खुर्च्या विणून मिळतील' लिहिलं आणि खाली पाच चौकटी आखल्या.

"काकू, या चौकटीत फोटो घालायचे. कसे घालायचे ते या कागदावर छापून आणलंय. चारच पायऱ्या आहेत. सगळं झालं की हे हिरवं बटण दाबायचं, म्हणजे पान वर चढतं आणि जगाला दिसतं."

"आणि तू?"

"मी उद्यापासून आठवडाभर ट्रेनिंगला. अडलं तर फोन करा."

"तुझ्या सासऱ्याला कळलं तर?"

"बाबांना सांगूनच आलेय. ते म्हणाले, जा, वहिनींना काही जमायचं नाही."

काकूंनी पदर खोचला.

कागदावरची पहिली पायरी होती: फोटो चांगल्या उजेडात काढा, मागं पसारा नको. खिडकीत उजेड भरपूर होता. पसाऱ्याचं मात्र अवघड. खुर्ची कशीही ठेवा, मागं भावजींचे निळे-लाल मनोरे डोकावायचेच. काकूंनी मध्ये दोरी बांधून चादर टांगली. मोबाईल एका हातात, दुसऱ्या हातानं चादर धरलेली, असे त्यांनी पहिल्या दिवशी अठ्ठावीस फोटो काढले. त्यातल्या अकरांत नुसता त्यांचा अंगठा होता. सहांत चादर. एकात खुर्ची छान आली होती, पण आडवी.

"आडवी का होईना, आलीय ना," त्या टेलिफोनकाकांना म्हणाल्या. "माझ्याकडं खुर्च्या येतात त्या आडव्याच येतात."

"लोकांनी मान वाकडी करून बघायची का?"

"तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला नाही. पण मानेच्या डॉक्टरची सोय होईल."

शेवटी ती फिरवायचं बटण सापडलं. दुसरी पायरी फोटो लहान करायची. मोठा फोटो जड होतो, पान उघडायला वेळ लागतो. हे काकूंना लगेच पटलं. भिजलेल्या पट्टीपेक्षा कोरडी हलकी, तसंच काहीतरी. पाच फोटो निवडून त्यांनी लहान केले आणि कॉम्प्युटरमध्ये 'काकू' नावाचा एक फोल्डर करून त्यात नीट ठेवले. एक, दोन, तीन, चार, पाच. मनातल्या मनात त्यांनी प्रत्येकाभोवती खडूची रेघसुद्धा ओढली.

तिसरी पायरी अशी होती: फोटो आधी वर चढवा, मग त्याचा पत्ता चौकटीत लिहा.

इथं काकू थबकल्या. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. पत्ता लिहा, हे समजलं. फोटो कुठं राहतो ते सांगायचं. पण वर कशाला चढवायचा? आत्ताच तर सगळे जागेवर लावले. आता पुन्हा उचलायचे, वर न्यायचे, म्हणजे खालची जागा रिकामी. आणि पत्ता दिल्यावर परत पोचवायलाही आपणच जायचं?

"सुनेनं घाईत छापलंय," त्या टेलिफोनकाकांना म्हणाल्या. "पत्ता दिला म्हणजे झालं. ज्याला बघायचाय, तो येईल की पत्त्यावर."

टेलिफोनकाकांना कॉम्प्युटरातलं फारसं ठाऊक नव्हतं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्या कचेरीत पण नंबर दिला की माणूस मिळायचा. माणूस उचलून नाही द्यायचो आम्ही."

मग काकूंनी प्रत्येक चौकटीत फोटोचा खरा, पुरता, पोस्टमनलाही चुकणार नाही असा पत्ता लिहिला: भावजींचा कॉम्प्युटर, त्यातला 'दुकान' फोल्डर, त्याच्या पोटातला 'काकू' फोल्डर, फोटो नंबर एक. लिहिल्याबरोबर चौकटीत खुर्ची उभी राहिली. काकूंनी टाळी वाजवली.

"आली!"

"कशी दिसतेय?" टेलिफोनकाकांनी विचारलं.

"थांबा, तेच लिहायचंय आता. चौथी पायरी: फोटोत काय आहे त्याचं वर्णन लिहा, म्हणजे ज्याला फोटो दिसत नाही, त्यालाही कळेल."

वर्णन म्हणजे लोक काय लिहितात? 'खुर्ची.' फार झालं तर 'सुंदर खुर्ची.' पण काकूंच्या समोर स्टुलावर टेलिफोनकाका बसलेले, आणि रोज त्यांना जे सांगायच्या ते 'सुंदर खुर्ची' एवढ्यावर कधीच भागलं नव्हतं. त्यांनी एक बोट उचललं आणि एकेक अक्षर टोचत, जसं सांगायच्या तसं लिहायला लागल्या. फोटो काढायला एक दिवस गेला होता, वर्णनाला तीन दुपारी गेल्या. पाचवा फोटो वाचनालयाच्याच खुर्चीचा होता. नमुना म्हणून ग्रंथपाल बाई एक खुर्ची स्वतः डोक्यावर घेऊन आल्या होत्या, कारण काकू न्यायला गेल्या नसत्या. तिचं वर्णन लिहिताना, ते समितीवर आहेत म्हणून, त्यांनी टेलिफोनकाकांनाही घरी पाठवलं.

शुक्रवारी हिरवं बटण दाबलं. मग स्क्रीनवरच्या खुणेवर दोनदा टिचकी मारून पान उघडलं. पाची खुर्च्या जागच्या जागी. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं, जागच्या जागी. चार वाजता भावजी झोपून आले, त्यांनीही बघितलं आणि त्यांची झोप उडाली. खुर्च्या खरंच देखण्या दिसत होत्या. तिसऱ्या फोटोत वाऱ्यानं चादर उडून मागं त्यांचा निळा मनोरा दिसत होता, त्यावर मात्र ते खूश झाले. "हा फोटो काढू नका हां, वहिनी. राहू दे."

शनिवारी अकराला दोघं वाचनालयाच्या बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. आतल्या खोलीचं दार बिजागरीतून खाली आलं होतं, त्यामुळं पूर्ण लागत नव्हतं. फटीतून पडद्याचा अर्धा भाग दिसायचा आणि बोलणं तर सगळंच ऐकू यायचं.

आधी भावजींचं पान लागलं. चकचकीत फोटो. समुद्रकिनारा, वाळू, हिरवी झाडं, आणि त्यात पांढऱ्या खुर्च्या.

समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांचा आवाज आला, "खुर्च्यांबरोबर समुद्रही देणार आहेत का?"

आत हशा झाला. भावजी बाकावर अवघडले. "कंपनीचे फोटो आहेत," ते पुटपुटले.

"छान आहेत," काकू म्हणाल्या. "पाय भिजत असतील वाचकांचे."

मग ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "आता खुर्चीकाकूंचं," आणि आत एकदम शांतता झाली. ती शांतता लांबत चालली. काकूंना वाटलं, भारावले असतील.

"बाई, पान पूर्ण उघडू द्या," अध्यक्ष म्हणाले.

"पूर्ण उघडलंय, सर."

"मग फोटो कुठं आहेत? या नुसत्या कोऱ्या चौकटी. कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण आणि मुंगीएवढी कसलीतरी अक्षरं. एक, दोन, तीन... पाची कोऱ्या!"

काकू ताडकन उठल्या आणि दार ढकलून आत गेल्या. पडद्यावर खरंच काही नव्हतं. पाच रिकाम्या जागा. भिंतीवरची सगळी हत्यारं कुणीतरी काढून न्यावीत तसं त्यांना झालं.

"असं कसं? दुकानात दिसतात! काल मी दहादा बघितले. आमच्या भावजींनीही बघितले. विचारा त्यांना."

भावजी दारात उभे होते. त्यांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा वहिनीकडं. इथं गप्प बसले असते तर खोली त्यांचीच होती. पण माणूस भांडकुदळ असला तरी खोटारडा नव्हता. "दिसत होते," ते म्हणाले. "आणि चांगले होते."

"दुकानात दिसत असतील," अध्यक्ष म्हणाले, "मग काय समितीनं तुमच्या दुकानात येऊन बघायचं?"

"यायचं की. सगळे येतात."

"अहो, मग वेबसाइट कशाला म्हणतात तिला? बरं, वेळ कमी आहे. कोऱ्या कागदाला मार्क देता येत नाहीत. मी यांचं नाव..."

"कोरा कुठं आहे?" टेबलाच्या टोकाकडून टेलिफोनकाका म्हणाले. कानाला मोबाईल लावून ते मघापासून गालातल्या गालात हसत होते. "मला तर सगळं दिसतंय."

सगळ्या माना वळल्या. समितीतल्या डोळस मंडळींना काहीच दिसत नव्हतं आणि ज्याला दिसत नाही, तो म्हणत होता सगळं दिसतंय.

"काय दिसतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाच खुर्च्या. बघायच्या आहेत का? थांबा, तुमच्यासाठी हळू करतो."

त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि ती बारीक आवाजाची बाई सगळ्यांना कळेल अशा चालीत, मठ्ठ सुरात वाचायला लागली:

"फोटो. ही डोलणारी खुर्ची. बैठक नवीन. पट्टी सहा फेऱ्या फिरवलीय, वरून टिचकी मारली तर टण वाजतं. कोपऱ्यात माझा अंगठा आलाय, तो विकायचा नाही."

कुणीतरी फिसकन हसलं.

"फोटो. ही खुर्ची एका मोठ्या माणसाची. नाव सांगणार नाही. मालक म्हणतात, हिच्यावर बसून मी जाड जाड ग्रंथ वाचतो. खुर्ची म्हणते, झोपतो. वाचणाऱ्याची खुर्ची पुढं फाटते. ही मागं फाटलीय, आणि डाव्या हातावर गाल ठेवायची जागा गुळगुळीत झालीय. तरी मी दोन्हीकडून घट्ट विणून दिलीय. पुढं वाचायचं असेल तर सोय असावी."

खोलीत क्षणभर कुणी कुणाकडं बघेना. मग ग्रंथपाल बाईंनी तोंडावर फाइल धरली. अध्यक्षांचा डावा हात नकळत डाव्या गालावर गेला होता, तो त्यांनी झटकन खाली घेतला.

"पुढं," ते खाकरून म्हणाले.

"फोटो. ही जेवणाच्या टेबलाची खुर्ची. मागं निळं दिसतंय ते आमच्या भावजींचं प्लॅस्टिक. वाऱ्यानं चादर उडाली. खुर्चीचा काही दोष नाही."

"वहिनी!" दारातून आवाज आला.

"तुम्हीच म्हणालात राहू दे," काकू म्हणाल्या.

चौथी खुर्ची एका लहान मुलाची होती, जिच्यावर एकापाठोपाठ पाच भावंडं वाढली आणि पाचांनीही एकाच भोकात बोट घालून ते मोठं केलं. मंडळी आता खुर्च्या पुढं ओढून मोबाईलभोवती गोळा झाली होती. पडद्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. पाचवी आली.

"फोटो. ही वाचनालयाची, खिडकीजवळची खुर्ची. हिची पाठ नव्यासारखी आहे. तिला टेकून कुणी बसलेलंच नाही. फाटलीय ती पुढच्या काठाला. म्हणजे बसणारे पुढं सरकून, वाकून बसत होते. पुस्तक संपत आलं की माणूस असाच बसतो. पुढच्या उजव्या पायाचं लाकूड झिजलंय, तिथं कुणीतरी वर्षानुवर्षं टाच घासत होतं. गोष्टीत काहीतरी वाईट होणार असेल तेव्हा घासत असेल. ही खुर्ची वापरून फाटलीय, टाकून दिल्यामुळं नाही. मी विणली तर पुढचा काठ दुहेरी विणीन, कारण यांचे वाचक सुधारणार नाहीत."

मोबाईल गप्प झाला. खिडकीजवळ ती खुर्ची होतीच, ग्रंथपाल बाईंनी परत आणलेली. समितीतले एक गृहस्थ उठले, तिच्यापाशी गेले, पुढच्या उजव्या पायावरून बोट फिरवलं. मग आपल्या बुटाच्या टाचेकडं बघितलं आणि जागेवर येऊन बसले.

"प्लॅस्टिकवर असं काही उमटतं का हो?" अध्यक्षांनी भावजींना विचारलं.

भावजींनी विचार केला. धंद्याचा प्रश्न होता. "उमटत नाही," ते म्हणाले. "तोच तर तिचा गुण आहे."

"हं," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी दुरुस्तीच्या कागदावर सही केली. "पण काकू, ते फोटो तेवढे लावून घ्या. आणि तो दुसरा..."

"त्यात नाव नाही घातलेलं, सर," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे. ते तसंच राहू द्या."

सोमवारी सून परत आली. तिनं पान बघितलं, काकूंनी लिहिलेला पत्ता बघितला, आणि आधी पाच मिनिटं पोट धरून हसली.

"काकू, तुम्ही बघत होता ते या कॉम्प्युटरातलं पान. त्याला फोटो शेजारीच, म्हणून दिसायचे. बटण दाबल्यावर वर गेलं ते नुसतं पान. फोटो इथंच राहिले, बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये. आता जगानं ते बघायला बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं का?"

"पत्ता दिला होता मी."

"पत्ता बरोबर होता. दार बंद होतं. कुणाचाही कॉम्प्युटर बाहेरच्याला आत घेत नाही. म्हणून फोटो आधी वर ठेवायचा, सगळ्यांच्या वाटेवर. मग तिथला पत्ता द्यायचा."

"आणि इथली जागा रिकामी होणार."

"नाही होत! वर जाते ती प्रत. हा इथंही राहतो, तिथंही राहतो."

काकूंनी फोल्डर उघडून पाची फोटो जागेवर आहेत ना ते बघितलं. "हे आधी सांगायचं," त्या म्हणाल्या. "जागचा हलत नाही म्हटल्यावर माझं काय जातंय? चढव."

एकेक फोटो वर चढला. सुनेनं आपल्या मोबाईलवर पान उघडून दाखवलं. पाची खुर्च्या आल्या, अंगठ्यासकट, निळ्या मनोऱ्यासकट. मग सून म्हणाली, "आता वर्णनं छोटी करू या का? फोटो दिसतायत म्हटल्यावर ती तशी कुणी वाचणार नाही."

"टेलिफोनकाका वाचणार."

"ते झालं. पण बाकीच्यांना..."

"मग बाकीच्यांना दिसतील अशी खाली मोठ्या अक्षरांत पण टाक. एक शब्द कमी करायचा नाही."

खोलीचा प्रश्न तसा सुटला होता, पण वाचनालयाच्या चौसष्ट खुर्च्या हमालांनी आणून टाकल्या तेव्हा दुसराच उभा राहिला. मागच्या खोलीत वीस बसल्या. उरलेल्या चव्वेचाळीस भावजींच्या भागात आल्या आणि भावजींचे मनोरे माळ्यावर गेले. आता प्लॅस्टिक घ्यायला येणाऱ्या माणसाला वेताच्या खुर्च्यांमधून वाट काढावी लागत होती, आणि वाट काढता काढता आतून आवाज यायचा, "टण वाजतं, वाजवून बघा."

चार दिवस भावजींनी सहन केलं. पाचव्या दिवशी दुपारी ते झोपायला गेलेच नाहीत. टेलिफोनकाका स्टुलावर होते, काकू बादलीतून पट्टी काढत होत्या. भावजी येऊन दारात रेंगाळले.

"वहिनी, काम आहे का हातात?"

"दिसतंय की."

"नाही, म्हटलं... माझ्या वेबसाइटवरचा तो समुद्र काढून टाकलाय. दुकानातल्या खुर्चीचा साधा फोटो लावलाय. खाली दोन ओळी लिहायच्या होत्या. तुमच्यासारख्या."

काकूंनी पट्टी खुंटीला अडकवली, हात पुसले, पुढं गेल्या. माळ्यावरून एक पांढरी खुर्ची खाली घेतली. उलटी केली, सुलटी केली, बैठकीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच सांगितलं नाही तिनं. मग त्या तिच्यावर बसल्या. पाच मिनिटं बसून राहिल्या. उठताना ती सोबत उठली नाही, थंडीचे दिवस होते. कॉम्प्युटरपुढं जाऊन त्यांनी एका बोटानं टोचून लिहिलं:

"पांढरी खुर्ची. पाय चार. बसता येतं. हिच्यावर कोण बसून गेलं ते ही कुणाला सांगत नाही. पावसात बाहेर राहिली तरी कुरकुर करत नाही. हे माझ्या खुर्चीला जमत नाही."

भावजींनी दोनदा वाचलं. "एवढंच?"

"खरं तेवढंच आहे."

"वाचा बघू मोठ्यानं," टेलिफोनकाका आतून म्हणाले. भावजींनी वाचून दाखवलं. टेलिफोनकाकांनी मान डोलावली. "दिसली," ते म्हणाले.

हातातलं वर्तमानपत्र जवळच्या वेताच्या खुर्चीवर टाकून भावजी पुन्हा स्क्रीनकडं वळले. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "वहिनी, ते शेवटचं वाक्य जाड अक्षरात करता येतं का हो?"

"येतं की," काकू म्हणाल्या. "आधी ते वर्तमानपत्र उचला तिथून. जागेवर ठेवा."